'लाकडी वाडे म्हणजे रचलेल्या चिता' : त्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस नाशकातल्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा : 'गोदाकाठचे जुने वाडे म्हणजे रचून ठेवलेल्या चिता आहेत. लाकूड पेट घेतं, काँक्रीट घेत नाही. अरुंद गल्लीत बंब शिरत नाही. जळालेली जुनी वस्ती जगात कुठेच परत उभी राहत नाही, केली तरी ती नक्कल असते. तेव्हा २०२७ च्या सिंहस्थाआधी सराफ बाजारापासून घाटापर्यंत सगळं पाडून मोकळं करा.' मला तो सहा जणांनी पाठवला. त्यातले दोघे स्वतः वाड्यात वाढलेले, म्हणून जास्त लागलं.

लाकूड पेट घेतं, हे खरंच आहे. पण किती आणि किती वेळात, हे कुणी विचारायचं की नाही?

तिवंध्याजवळ माझ्या मामाचा वाडा आहे. काही वर्षांपूर्वी तिथे तळमजल्यावर मीटरच्या बोर्डापाशी ठिणगी पडली. शेजारची खोली गोदामासाठी भाड्याने दिलेली, आत प्लास्टिकच्या पिशव्यांचे गठ्ठे छतापर्यंत. ते भडकले. आग विझल्यावर दुसऱ्या दिवशी सुतारमिस्त्री आले. गोदामावरची तुळई काळीठिक्कर, तिला मगरीच्या पाठीसारख्या भेगा. मामी दारात बसून रडत होती, वाडा गेला म्हणून. मिस्त्रींनी पटाशी लावली आणि कोळसा खरवडायला घेतला. अंगठ्याच्या जाडीचा थर निघाला आणि खाली तांबूस, तेलकट सागवान, काल कापल्यासारखं. वासही आला त्याचा. तुळई वीतभराहून जाड. ती आजही माडीचा भार घेऊन तिथेच आहे. गोदामवाल्याने माळा टाकायला बसवलेले लोखंडी अँगल मात्र वाकून खाली लोंबत होते.

यात चमत्कार काही नाही. जाड लाकूड पेटलं की बाहेरचा कोळसाच आतल्या लाकडाचं रक्षण करतो, उष्णता आत लवकर पोहोचू देत नाही. देवदारासारखं मऊ लाकूडसुद्धा मिनिटाला साधारण ०.६५ मिलिमीटर या वेगाने कोळसा होत जातं, असं अभियंते हिशेबात धरतात. म्हणजे तासाभरात चार सेंटिमीटर. साग त्याहून सावकाश. उलट पोलाद ५५० ते ६०० अंशांना पोहोचलं की त्याची ताकद निम्म्यावर येते. काँक्रीट जळत नाही, पण तापून तडकतं, त्याचे पापुद्रे सुटतात आणि आतल्या सळया उघड्या पडतात. पातळ फळ्या, तक्तपोशी, दुकानाच्या सजावटीला मारलेला प्लायवूड हे भराभर जळतं, ते मी नाकारत नाही. पण वाड्यात आग मोठी होते ती आपण आत कोंबलेल्या मालामुळे आणि एका जुन्या तारेवर चार कुटुंबांचे गिझर लावल्यामुळे. तोच माल, त्याच तारा नव्या इमारतीत नेल्या तर तिथेही तेच होईल.

आता 'जगात कुठेच' बद्दल. नॉर्वेत बर्गन नावाचं बंदर आहे. तिथल्या धक्क्यावर ब्रिग्गेन ही व्यापाऱ्यांची लाकडी वस्ती. १३६० च्या सुमारास हान्सा या व्यापारी संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी तिथे ठाणं मांडलं, सुकवलेल्या माशांचा व्यापार केला. ही वस्ती कितीदा जळली! १७०२ च्या आगीत तर बर्गनचा बहुतेक भाग गेला. लोकांनी काय केलं? त्याच जागांवर, त्याच अरुंद बोळांच्या दोन्ही अंगांना, त्याच जुन्या पद्धतीने पुन्हा लाकडीच घरं बांधली. १९७९ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला तो या १७०२ नंतरच्या, म्हणजे मेसेजवाल्यांच्या भाषेत 'नक्कल' असलेल्या घरांना.

हा मान मिळण्याआधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अर्धी वस्ती माणसांनीच पाडून विटांच्या इमारती उभ्या केल्या. मग ४ जुलै १९५५ ला उरलेल्यातला मोठा भाग जळाला. पण लगेच बुलडोझर फिरवला नाही. आस्ब्यर्न हेर्टेग या पुरातत्त्वज्ञाने त्या राखेखाली वर्षानुवर्षं उत्खनन केलं. जुन्या रूनी लिपीत कोरलेले सहाशेहून जास्त लेख सापडले, बरेचसे साध्या काठ्यांवर : मालाच्या गोणीची चिठ्ठी, प्रार्थना, प्रेमाचे निरोप. उरलेली घरं सांभाळायला १९६२ मध्ये स्वतंत्र संस्था निघाली. आज सुमारे ६० इमारती उभ्या आहेत आणि सुतार अजूनही एकेक घर दुरुस्त करतायत.

सगळंच नीट झालं असंही नाही. जळालेल्या जागेच्या एका भागावर नवं हॉटेल बांधलं, त्यामुळे भूजल खाली गेलं. शेकडो वर्षं ओल्या मातीत टिकलेल्या लाकडी पायाला हवा लागली, तो कुजू लागला आणि शेजारची जुनी घरं खचायला लागली. अखेर पावसाचं पाणी जमिनीत मुरवून पातळी पुन्हा वर आणावी लागली. रामकुंड परिसरात कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतून झरे दाबलेले आपण पाहिलेत. नदीकाठच्या जमिनीशी घाईने खेळलं की काय होतं, हे नाशिककराला वेगळं सांगायला नको.

नकलेचाच मुद्दा असेल तर आपलं काळाराम मंदिर बघा. आजचं दगडी मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरचं, सरदार ओढेकरांनी बांधलेलं. त्याआधी तिथे लाकडी देऊळ होतं असं सांगतात. कोण म्हणतं त्याला नक्कल? आणि पुण्यात १८७९ च्या आगीत होरपळलेला विश्रामबागवाडा परत सावरला, लोक आजही त्यात जातात. १८२८ ला सात दिवस जळलेल्या शनिवारवाड्यातल्या महालांची मात्र नुसती जोती राहिली. लाकूड दोन्हीकडे होतं. फरक पडला तो नंतर कुणी हात लावला की नाही याने.

बंब आत जात नाही, ही तक्रार रास्त आहे. शिंगाडा तलावाच्या अग्निशमन केंद्रातून बंब निघाला तरी शेवटच्या शंभर पावलांत अडकतो. पण कशात अडकतो? गल्लीत आडव्या लावलेल्या दुचाकी, ओट्यापुढे ओढलेली दुकानं, डोक्यावर लोंबणाऱ्या केबली. त्या हटवायला वाडा पाडावा लागत नाही. ब्रिग्गेनचे बोळ तर आपल्या गल्ल्यांहून अरुंद. ते त्यांनी तसेच ठेवले आणि घरांत आगीची सूचना देणारी यंत्रणा व पाण्याचे फवारे बसवले. त्यांच्या जुन्या व्यापाऱ्यांनी तर त्याहून साधा नियम केला होता : लाकडी घरात चूल नाही की दिवा नाही, नॉर्वेच्या थंडीतसुद्धा. स्वयंपाक आणि शेकोटी मागच्या वेगळ्या इमारतीत, मोलाचा माल मागच्या दगडी कोठारात. आपल्याकडे गल्लीच्या तोंडाशी पाण्याची कायमची जोडणी, चौकात गुंडाळलेला होज आणि रात्री मेन स्विच बंद करण्याची शिस्त, एवढं तरी सिंहस्थाच्या पैशातून होऊ शकतं.

राहता राहिला एक मुद्दा, तो मेसेजमध्ये नाही, पण पाठवणाऱ्यांच्या मनात आहे : राहणाऱ्याला विचारा. विचारलं मी. मामाला एका भाडेकरूकडून महिन्याला मिळतं त्यात कौलं फिरवायची मजुरीही निघत नाही. वाड्याला अकरा वारस, सह्या चौघांच्याच मिळतात. पावसाळ्यात भिंत फुगली की धोकादायक इमारतीची नोटीस येते, दुरुस्तीला मदत कुणाची येत नाही. वाडे पडतायत ते यामुळे. यावर मेसेज लिहा, मी स्वतः शंभर जणांना पाठवीन.

मामाने गोदाम रिकामं करून घेतलं, वायरिंग पाइपातून नवीन केलं. तुळईच्या खरवडलेल्या खोलगट भागाला जवसाचं तेल दिलंय. ज्यांना बघायची असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर यावं, मामी चहा केल्याशिवाय सोडणार नाही.