‘आकृत्या सोडा, थेट कोड लिहा’ हा सल्ला वेळ वाचवत नाही

सीप्झपासून पवईपर्यंतच्या आयटीतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतो. त्याचा मथितार्थ असा: रिक्वायरमेंट, म्हणजे क्लायंटच्या गरजा, गोळा करताना ऑब्जेक्ट (व्यवहारातली एकेक गोष्ट), क्लास (तशा गोष्टींचा प्रकार), त्यांची नाती असं आकृत्यांचं मॉडेल बनवणं ही जुन्या काळची सवय आहे. त्यात वेळ जातो, अजाइलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं करून दाखवत पुढे जाण्याच्या पद्धतीत, त्याला जागा नाही, क्लायंटला ते कळत नाही, गरजा बदलल्या की ते शिळं होतं आणि आता तर कोड एआयच लिहितं. तेव्हा चार युझर स्टोरी (वापरणाऱ्याला काय हवं ते एका वाक्यात) घ्या आणि सुरू करा.

नव्याने बिझनेस ॲनालिस्ट, म्हणजे क्लायंटच्या गरजा समजून टीमला सांगणारी, झालेली मुलं हे खरं मानून चालतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा वेळेचा, आणि सगळ्यात जास्त बोलायला हवं ते यावरच. मुंबईत घरोघरी माहीत असलेलं उदाहरण घेऊ: हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्स बिलाचं सॉफ्टवेअर. स्टोरी लिहिली जाते, ‘सभासद म्हणून मला दर महिन्याचं बिल ऑनलाइन दिसावं.’ स्टोरी बरोबर आहे. डेव्हलपर डेटाबेसमध्ये सभासदाचं टेबल करतो, त्यातच फ्लॅट नंबराचा रकाना ठेवतो आणि आठवड्यात डेमो दाखवतो. सगळे खूश.

मग खरी सोसायटी समोर येते. एकाच माणसाचे शेजारशेजारचे दोन फ्लॅट आहेत, तर बिलं किती? एक फ्लॅट नवरा-बायकोच्या जोडनावावर आहे, तर शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव कुणाचं आणि थकबाकीची नोटीस कुणाला? फ्लॅट विकला गेला की त्या रकान्यात नवं नाव चढवतात आणि जुन्या मालकाच्या नावाने फाडलेल्या पावत्या नव्या मालकाच्या नावाने दिसू लागतात. ऑडिटर हे चालवून घेणार नाही. आता टेबल मोडायचं, जुना डेटा हलवायचा, प्रत्येक रिपोर्ट पुन्हा तपासायचा. पहिल्या आठवड्यात वाचलेला वेळ इथे कितीतरी पटीने परत द्यावा लागतो.

हेच कागदावर चौकोन काढून केलं असतं तर? ‘सभासद’ एक चौकोन, ‘फ्लॅट’ दुसरा, मध्ये रेघ. रेघेच्या दोन्ही टोकांना किती ते लिहायचं असतं. एका सभासदाचे किती फ्लॅट? एका फ्लॅटचे किती मालक? हा आकडा लिहायला गेलं की प्रश्न विचारावाच लागतो. त्या रेघेला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा तारखा हव्यात हेही तिथेच कळतं, आणि ‘मालकी’ हा स्वतंत्र ऑब्जेक्ट तयार होतो. याला एक दुपार पुरते.

याच्या बाजूने एक आकडा नेहमी फेकला जातो, की चूक उशिरा सापडली तर दुरुस्तीचा खर्च शंभर पट होतो. तो मी वापरणार नाही. सगळ्या प्रकल्पांना लागू पडेल असा भक्कम आधार त्याला नाही. वरच्या उदाहरणाला त्या आकड्याची गरजही नाही.

‘अजाइलमध्ये मॉडेलिंग नाही’ हे तर इतिहासालाच धरून नाही. क्लास, त्याची जबाबदारी आणि त्याचे सहकारी (ज्यांची मदत लागते ते दुसरे क्लास) लिहिलेली साधी कार्डं घेऊन ऑब्जेक्ट शोधायची पद्धत 1989 मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी मांडली. 2001 मध्ये अमेरिकेतल्या स्नोबर्डला अजाइल जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या 17 जणांत हे दोघे होते. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड विश्लेषणाच्या पद्धतीसाठी ओळखले जाणारे स्टीफन मेलरही त्याच यादीत आहेत. जाहीरनामा चालत्या सॉफ्टवेअरला जाडजूड कागदपत्रांहून जास्त महत्त्व देतो. विचार न करता कोड लिहा, असं तो कुठेही म्हणत नाही.

क्लायंटला आकृत्या कळत नाहीत, हा मुद्दा अर्धा खरा आहे. यूएमएलची (अशा आकृत्यांच्या ठरलेल्या चिन्हभाषेची) सगळी चिन्हं सोसायटीच्या खजिनदारापुढे मांडली तर तो गप्प बसेल, आणि त्याचं गप्प बसणं म्हणजे संमती समजली जाईल. हे मी होताना पाहिलं आहे. पण बेक-कनिंगहॅमची ती कार्डं मराठीत लिहून कमिटीच्या टेबलावर ठेवा. खजिनदाराच्या हातात ‘बिल’, सेक्रेटरीच्या हातात ‘फ्लॅट’. बिलाने विचारायचं, पाण्याचे पैसे किती लावू? फ्लॅट म्हणतो, माझ्याकडे नळजोड इतके. सर्व्हिस चार्ज? तो सगळ्यांना सारखा. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची गंगाजळी? तो बांधकाम खर्चावर, आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) वर्षाला किमान 0.25 टक्के. फ्लॅट भाड्याने दिलाय? मग बिनभोगवटा शुल्क, सर्व्हिस चार्जच्या जास्तीत जास्त 10 टक्के. इथे सेक्रेटरी हमखास थांबवतो: ‘अहो, पण मालकाचा सख्खा भाऊ राहत असेल तर लावता येत नाही.’ म्हणजे कोण राहतो आणि त्याचं मालकाशी नातं काय, हेही सिस्टिमला माहीत हवं. ‘भोगवटा’ नावाचं नवं कार्ड तिथेच जन्मतं. ही माहिती खजिनदाराला कायम होती, फक्त तिच्यापर्यंत नेणारा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

गरजा बदलतात, हे शंभर टक्के मान्य. पण काय बदलतं ते नीट बघा. वार्षिक सभेत पार्किंगचा दर बदलतो, एखादं नवं शुल्क सुरू होतं. फ्लॅट, मालकी, भोगवटा, बिल या गोष्टी तशाच राहतात. प्रत्येक शुल्काला स्वतःची रक्कम स्वतः काढायची जबाबदारी दिली असेल, तर दर बदलला की तेवढ्याच ऑब्जेक्टला हात लागतो. ऑब्जेक्टची कल्पना मुळात आलीच अशा कामातून: नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांनी 1960 च्या दशकात सिम्युला भाषा घडवली ती खऱ्या जगातल्या प्रक्रिया संगणकात उभ्या करण्यासाठी.

एआयबद्दल थोडक्यात. सभासदाच्या टेबलात फ्लॅट नंबर ठेव असं सांगितलं तर ते ठेवेल, नेटका कोड आणि टेस्टही लिहील. टेस्ट पास होतील, कारण त्या त्याच चुकीच्या गृहीतकातून आल्या आहेत.

सल्ला देणाऱ्यांचा राग ज्या गोष्टीवर आहे, त्यावर माझाही आहे. महिनोन्‌महिने चालणारं मॉडेलिंग, प्रत्येक बटणासाठी सीक्वेन्स डायग्राम (कोण कुणाला कोणत्या क्रमाने काय सांगतं याची आकृती), कुणीही न उघडणारी फाइल, हे बंदच व्हायला हवं. चार पानांच्या माहितीपर वेबसाइटला क्लास डायग्राम लागत नाही. जिथे पैसे, मालकी आणि तारखा एकमेकांत गुंतलेल्या आहेत तिथे मात्र पहिल्या स्प्रिंटआधी (अजाइलमधल्या कामाच्या पहिल्या छोट्या टप्प्याआधी) कमिटीसोबत एकदा बसा, आणि कार्डांवरून नवा प्रश्न निघेनासा झाला की उठा. त्या कार्डांचा फोटो टीमच्या ग्रुपवर टाका, आणि कोडमधल्या क्लासना तीच नावं द्या.