पालेर्मोला एक दिवस कसा पुरेल?

सिसिलीतल्या (इटली) पालेर्मो शहरावरचा तुमचा लेख आवडला पण पालेर्मो एका दिवसात उरकता येतं हे त्यातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. आम्ही चार मैत्रिणी तीन दिवस होतो तरी कमीच पडले. नुसत्या कापेला पालातिनामध्येच आमचे दोन तास गेले, सिसिलीच्या दुसऱ्या रॉजर राजाने ११४० च्या सुमारास बांधून घेतलेलं हे चॅपल, भिंतींवर बायझंटाइन सोनेरी मोझेक आणि वर मान करून बघितलं तर लाकडी छत चक्क अरबी पद्धतीचं, मुकर्नस म्हणतात ना तसं, म्हणजे मधमाशीच्या पोळ्यासारखे छोटे छोटे कोनाडे, त्यावर अरबी अक्षरंसुद्धा आहेत! सान काताल्दो चर्चचे लाल घुमट पण चुकवू नका.

आणि खाण्याबद्दल एवढंच दोन ओळींत? बाल्लारो बाजारात पानेल्ले खाल्ले, म्हणजे बेसन शिजवून थापायचं, तुकडे करून तळायचे आणि तिळाच्या पावात घालून वर लिंबू. पहिल्या घासाला आईची पाटवडीच आठवली, फक्त फोडणी नाही. भाताचा तळलेला गोळा मागताना मात्र आरांचिना म्हणा, आरांचिनो म्हणतात ते सिसिलीतल्याच कातानिया शहरात, इथे लोक लगेच सुधारतात.

पुढच्या भागात बाजारांवर सविस्तर लिहा प्लीज, वाट बघतेय.