मांत्रिक पटला, हमाल नाही पटला

पक्या लिहितोय त्या मांत्रिकाच्या गोष्टीचा अकरावा भाग परवा मोबाईलवर येऊन पडला आणि काल रात्री कोपरखैरण्याच्या आमच्या कट्ट्यावर त्याची चिरफाड झाली. कर्जात बुडालेला हमाल करणी उतरवायला जातो आणि मांत्रिकावरच भाळतो, तीच ती गोष्ट. आमच्यात वाचली नाही असा कुणी नाही, आवडली म्हणणाराही कुणी नाही.

दिग्या कायदा घेऊनच आला होता. "2013 चा जादूटोणाविरोधी कायदा! सहा महिने ते सात वर्षं आत, वर पाच ते पन्नास हजार दंड. आणि तू त्या माणसाला हीरो करतोस? दाभोलकरांचा जीव गेला रे यापायी!" दिग्याचं बोट वर गेलं की चहावाला न सांगता रेडिओ मोठा करतो.

"तुझ्या स्कूटरला लिंबू-मिरची कोण बांधतं?" मी विचारलं.

"आई. आणि कायद्याच्या अनुसूचीत लिंबू-मिरची नाही!"

म्हणजे गड्यानं अनुसूची तपासली होती.

नानांचं दुखणं वेगळंच. "मांत्रिकाचं जाऊ द्या हो, पण दोघंही बाप्ये?"

"नाना, सुप्रीम कोर्टाला 2018 सालीच पटलंय," संत्या म्हणाला. "तुमची तारीख अजून लागली नाही वाटतं."

संत्या वाशीच्या मार्केटात माथाडी. बाजार मशीद बंदराकडे होता तेव्हा त्याचा बाप तिथं पोती वाहायचा. इतका वेळ तो बिस्कीट बुडवत गप्प बसला होता.

"पक्या, तुझा मांत्रिक पटला मला. हमाल नाही पटला. हा एकटाच कसा रे? टोळी कुठंय, मुकादम कुठंय? पोतं पाठीवर द्यायला माणूस लागतो. तुझा हा तर हिरोईन उचलल्यासारखं मिठीत घेतो. दुसऱ्या दिवशी आडवा!" त्यानं कॉलर खाली ओढली. मानेखाली खारकेएवढा घट्टा, काळा, चकचकीत. "अकरा भाग झाले. हा दिसला का तुझ्या मांत्रिकाला?"

पक्या काही बोलला नाही.

"आणि कफल्लक झाला कशानं? तू लिहिलंस, नशिबानं. माथाडी कायदा 1969 चा. माथाडी बोर्डात नोंद असेल तर मालक मजुरीवर वरची लेव्ही भरतो, त्यातून पीएफ, सगळं. नोंद नसेल तर कंबर गेली की माणूस घरी. नशीब कशाला मधे आणतोस?"

"मग प्रेम कुठं सुरू करू?" पक्या खरंच नोंद करून घ्यायला लागला.

संत्यानं विचार केला. "मांत्रिकाला गाव घाबरतं. मूठ मारील, भानामती करील. सगळे लांबूनच नमस्कार घालतात. एक दिवस तो विहिरीवर घागर उचलतो आणि हमाल सहज म्हणतो, कंबरेतून नको, गुडघ्यातून ऊठ."

कट्टा क्षणभर चिडीचूप. दिग्याचं बोटही खाली आलं.

नानांना शांतता सोसत नाही. "वहिनींना असंच पटवलंस का रे?"

"तीच मला म्हणाली होती. सिलिंडर चढवत होतो तिच्या बापाचा."

त्यानंतर पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. नानांना ठसका लागला, दिग्या पाठ चोळायला धावला, तर नाना म्हणाले, "हात लावू नकोस, अघोरी प्रथा आहे." मग पक्यानं संत्याला फायनलमध्ये रनआऊट केलं होतं ते निघालं, गोव्याचे बाराशे निघाले.

बाराव्या भागासाठी संत्याला लेव्ही द्यायचं ठरलं. पक्या म्हणाला, "त्याच्या नावानं एक मंत्र टाकतो."

"जीपे टाक," संत्या म्हणाला. "गोव्याचे धरून."