काकू, पळीचं काही चुकलं नाही, माझं मात्र अर्धं चुकलं

नमस्कार काकू,

कपकेकचं मिश्रण न सांडता साच्यात कसं भरायचं यावर मी लिहिलं होतं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. आधी हसू आलं, मग जरा टोचली. बाकीच्यांनाही कळावं म्हणून ती इथं देते: “पोरी, केवढा हा नखरा! कपकेकचं पीठ भरायला आईस्क्रीमचा स्कूप, वजनकाटा, वर ओला फडका. आम्ही जन्मभर आप्पे पळीनं घालतोय, चार थेंब सांडले तर सांडले. तरी तुझं वाचून महाद्वार रोडवरनं स्कूप घेऊन आलो, तर चॉकलेटचं पीठ ओटाभर ठिबकलं. आणि दोन तृतीयांश भरा म्हणतीस, त्या कागदाला काय रेघा मारल्यात? चवीचं लिही, शोभेचं नको.”

बाईमाणसाचं ‘घेऊन आलो’ वाचल्यावरच कळलं की काकू आपल्या कोल्हापूरच्या पेठेतल्या आहेत. तेव्हा उत्तरही सरळच देते.

स्कूपची चूक माझी. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर व्हॅनिलाचा केक होता. लोणी आणि साखर फेटून केलेलं त्याचं मिश्रण चमच्याला धरून बसतं आणि पडलं तर गोळ्यानं पडतं. तिथं स्कूपची ती आतली पाती कामाला येते, खटकन गोळा सुटतो. तुम्ही केलंत ते चॉकलेटचं. त्यात तेल, पाणी आणि व्हिनेगर असेल तर ते धिरड्याच्या पिठाइतकं पातळ होतं. असलं मिश्रण स्कूपमध्ये घेतलं की पातीच्या फटीतनं आणि दांड्याच्या चाकांतनं गळायला लागतं. साच्यापर्यंत पोचेस्तोवर अर्धा स्कूप ओट्यावर आणि उरलेला मनगटावर. तुमचा हात वाईट नव्हता, मी हत्यार चुकीचं सांगितलं होतं. मूळ लेखात हे आज दुरुस्त करते.

पातळ मिश्रणाला तोटीचं भांडं हवं. प्लास्टिकचा मापाचा जग असेल तर उत्तमच, नाहीतर ओतायला ओठ असलेलं दुधाचं पातेलंही चालतं. सगळं मिश्रण एकदम त्यात घालू नका, भांडं जड झालं की हात थरथरतो. अर्धं अर्धं घ्या. तोटी कागदाच्या काठाच्या अगदी जवळ आणा आणि मग ओता. ओतताना सहसा सांडत नाही, सांडतं ते थांबताना. एक कप भरला, भांडं दुसरीकडे वळवलं, तेवढ्यात तोटीच्या टोकाला लोंबणारा थेंब दोन कपांच्या मधल्या पत्र्यावर पडतो. म्हणून थांबताना तोटी झटकन वर उचलायची आणि टोक त्याच कपाच्या काठाला पुसून मगच पुढं जायचं.

ही युक्ती मी कुठल्या परदेशी व्हिडिओत बघितलेली नाही. २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला आपल्याकडे चौकाचौकात जिलबीच्या कढया लागतात, तिथं उभी राहून बघितली आहे. पुढच्या खेपेला रांगेत असाल तेव्हा जिलबीकडं नको, घालणाऱ्याच्या मनगटाकडं बघा. भोक पाडलेलं फडकं मुठीत, मूठ तेलाच्या जवळ, तीन वेढे, आणि शेवटचा वेढा मिटताना हात वरच्या बाजूला एक गिरकी घेतो. गिरकीबरोबर मूठ सैल होते, धार तुटते. पुढच्या जिलबीच्या जागेवर जाईपर्यंत तेलावर फालतू थेंब पडत नाही. त्या फडक्याला तुम्ही कधी नखरा म्हणाला नसता. माझी पायपिंग बॅग म्हणजे तेच फडकं, फक्त प्लास्टिकचं.

बॅगेचं एवढंच सांगते, कारण त्यात मी स्वतः फजिती करून घेतली आहे. उंच पेल्यात पिशवी उभी करायची, तिचं तोंड पेल्याच्या काठावरनं बाहेर दुमडायचं आणि मग भरायचं. कोपरा शेवटी कापायचा. मी पहिल्यांदा शहाणपणानं आधी कापला होता. पेला उचलला तर खाली व्हॅनिलाचं तळं! धुऊन कोरडी केलेली दुधाची पिशवीही यासाठी चालते, पण वास नीट गेलाय ना ते बघा. मध्यम घट्ट मिश्रणाला, म्हणजे चमच्यातनं पट्टीसारखं सावकाश पडणाऱ्या मिश्रणाला, मला बॅगच सगळ्यात बरी वाटते. एका कपावरनं दुसऱ्यावर जाताना भोक चिमटीत धरायचं, विसरायचं नाही.

आता आप्प्यांचं. इथं मी तुमचं ऐकणार नाही, काकू.

आप्पे पात्राच्या मधल्या पत्र्यावर पीठ सांडलं की त्याची कुरकुरीत पापडी होते. लहानपणी आमच्यात तिच्यावरनं भांडणं व्हायची. पण त्या पिठात साखर नसते आणि पाच-सात मिनिटांत घाणा निघतो. केकच्या मिश्रणात साखर भरपूर. साचा १८० अंशांच्या ओव्हनमध्ये वीस मिनिटं बसतो. कपातलं मिश्रण जाड असतं, त्यात ओल असते, म्हणून ते तेवढ्या वेळात नेमकं भाजतं. पत्र्यावरचा थेंब कागदाइतका पातळ, तो पहिल्या काही मिनिटांतच वाळतो आणि उरलेला वेळ नुसता जळत राहतो.

माझी पहिली ऑर्डर २४ कपकेकची होती, शेजारच्या इमारतीतल्या एका मुलाच्या वाढदिवसाची. भातवाढणीनं भराभर भरले, पत्र्यावर सांडलं त्याकडं बघितलंच नाही. दहा मिनिटांत ओव्हनमधनं धूर. साच्याच्या कडेवरनं मिश्रण खालच्या तापलेल्या दांडीवर ठिबकत होतं. गुऱ्हाळात काकवी करपली की येतो तसा वास घरभर, आणि तो केकांनाही लागला. पुढची गंमत बाहेर काढल्यावर. ज्या कपांच्या काठावर मिश्रण पडलं होतं, त्यांच्या टोप्या फुगून पत्र्याला चिकटल्या होत्या. कागद धरून उचलला की केक हातात आणि टोपी साच्यावरच. अशा नऊ टोप्या निघाल्या. आमच्या घरी त्या चार दिवस दुधात कुस्करून खाल्ल्या, ऑर्डरचे मात्र पुन्हा करावे लागले. पत्र्यावरचे काळे डाग काढायला मी तारेची घासणी घेतली आणि नव्या साच्याचं नॉनस्टिकचं अस्तर घालवलं. तेव्हापासून साचा आत घालण्याआधी ओला फडका बोटाला गुंडाळून मधला पत्रा पुसते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. तुम्ही त्याला शोभा म्हणालात. पण करपल्याचा वास ही चवीचीच गोष्ट आहे की नाही, सांगा.

रेघांचं तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के कबूल. दोन तृतीयांश म्हणजे नेमकं किती, हे मी लिहायला हवं होतं. नेहमीच्या बारा खळग्यांच्या साच्याचा एक खळगा काठोकाठ भरला तर साधारण १०० मिलिलिटर बसतं. त्याचे दोन तृतीयांश पासष्टच्या आसपास. मापाच्या सेटमधला पाव कप ६० मिलिलिटरचा असतो. म्हणजे एका कपाला एक पाव कप, झालं. साचे लहानमोठे येतात, म्हणून एकदा करून बघा: कागद न घालता एका खळग्यात पाव कप पाणी ओता आणि ते कुठवर येतं ते डोळ्यांत साठवून घ्या. काठाला फार जवळ आलं तर तुमचा साचा लहान आहे, माप कमी करा. कागदावर रेघ मारायला नको.

स्कूपवरही माप असतं, पण ते उलटं चालतं. पातीवर १६, २०, २४ असे आकडे असतात. एका अमेरिकन क्वार्टात, म्हणजे साधारण ९४६ मिलिलिटरमध्ये, तेवढे स्कूप बसतात. आकडा मोठा तितका स्कूप लहान. १६चा पाव कपाला जवळजवळ लागून येतो, २०चा सत्तेचाळीसच्या आसपास. तुम्ही आणलेल्यावर आकडा आहे का बघा, स्वस्तातल्यावर बऱ्याचदा नसतो.

वजनकाट्यावर माघार घेते. साचा काट्यावर ठेवून प्रत्येक कपात ४५ ग्रॅम मोजणं हे ऑर्डरवाल्यांचं काम. गिऱ्हाईक शेजारी शेजारी ठेवून बघतं. घरच्या पोरांना मोठा कुणाचा आणि छोटा कुणाचा यावर भांडायला मिळालं तर तेवढाच त्यांचा वेळ जातो.

आणखी एक गोष्ट लेखात राहूनच गेली होती, तुमच्या चॉकलेटमुळं आठवली. सोडा आणि व्हिनेगर, किंवा सोडा आणि दही, ओल्यात एकत्र आले की लगेच फसफसायला लागतात, ओव्हनची वाट बघत नाहीत. पळीपळीनं, पुसत पुसत २४ कप भरायला पंधरा मिनिटं घेतली तर शेवटच्या कपांतला वायू निम्मा उडालेला असतो आणि ते कप बुटके राहतात. म्हणून ओव्हन आधी तापवा, कागद आधी साच्यात बसवा आणि ओलं-कोरडं अगदी शेवटी एकत्र करा. मग तोटीनं दोन-तीन मिनिटांत भरून टाका. नव्या गठ्ठ्यातले कागद एकमेकांना चिकटून दोन दोन येतात, तेही आधीच सुटे करा, भरलेला जग हातात धरून फुंकर मारत बसू नका. घट्ट व्हॅनिलाला बेकिंग पावडर असेल तर एवढी घाई नसते, तिचा बराचसा जोर ओव्हनची उष्णता लागल्यावर निघतो.

आणि पळी? घट्ट मिश्रणाला खुशाल वापरा, पण एकटी नको. पळीनं उचलायचं आणि दुसऱ्या चमच्याच्या पाठीनं कपात ढकलायचं. पळी झटकली की शिंतोडे उडतात, ढकललं की उडत नाहीत.

स्कूपचे पैसे वाया गेले असं मानू नका. दिवाळीत बेसन भाजून, साखर मिसळून झाली की गोळे त्यानंच काढा आणि मग हातानं वळा. सगळे लाडू एका मापाचे होतात. नंबर २०चा जरा दांडगा पडेल, आमच्याकडं अर्धाच भरतात.