गुहांची नोंदवही कशासाठी? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार भाऊ,

विदर्भातल्या गुहा आणि लेणी मोजून त्यांची एक नोंदवही तयार करावी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही पवनीकडून जी प्रतिक्रिया पाठवली, तिचा सारांश इतर वाचकांसाठी आधी देतो. तुमचं म्हणणं असं की यादी झाली की गुप्तधनवाल्यांना आणि रील काढणाऱ्या पोरांना आयताच पत्ता मिळतो. तुमच्या गावच्या टेकडीतली गुहा वाडवडिलांनी कुठलाही नकाशा न काढता सांभाळली. शहरातले लोक टेप घेऊन येतात, वटवाघळं उठवतात आणि निघून जातात. त्यापेक्षा तोच पैसा दार आणि चौकीदारावर लावा. तुम्ही मनापासून लिहिलंत. उत्तर लांबलं तर समजून घ्या.

गुप्तधनाचं आधी घेतो, कारण ती भीती खरी आहे. नागपूर जिल्ह्यातल्या कुही-भिवापूरच्या बाजूला जंगलातल्या टेकड्यांत खडकात कोरलेली लहान लेणी आहेत. अजिंठा-वेरूळ डोळ्यांपुढे ठेवून गेलेल्या माणसाची निराशाच होईल, इतकी साधी. अशाच एका ठिकाणी आत जमिनीत कमरेएवढा खड्डा खणलेला मी पाहिला आहे. कडेला कापलेली लिंबं, कुंकू, अर्धवट जळालेल्या उदबत्त्या. ज्याने खणलं त्याला जागा कुठल्याही यादीतून कळलेली नव्हती, कारण तिथली यादीच नव्हती. गुप्तधनाची खबर तोंडोतोंडी फिरते, एखादा भोंदू ती पक्की करतो आणि अमावस्येला कुदळ चालते. आम्ही तक्रार करायला गेलो तेव्हा पहिलाच प्रश्न आला, ‘खड्डा आधीपासूनच नव्हता कशावरून?’ पंचनामा करायचा तर पूर्वीची स्थिती दाखवावी लागते. ती दाखवणारा कागद कोणाकडेच नव्हता. ना गावाकडे, ना वनखात्याकडे. प्रकरण तिथेच थांबलं.

त्या दिवसापासून मोजणी हा माझ्यासाठी हौसेचा विषय राहिला नाही. मोजणी म्हणजे नेमकं काय करतात ते सांगतो, म्हणजे टेप कशासाठी लागते ते दिसेल. गुहेच्या तोंडाशी एक पक्का बिंदू धरायचा. रंग लावायचा नाही. खडकाचा एखादा कोपरा, जो दहा वर्षांनीही ओळखू येईल, असा निवडायचा. तिथून आत पुढचा बिंदू धरायचा आणि तीन आकडे घ्यायचे: अंतर, दिशा आणि चढ-उताराचा कोन. मग त्या बिंदूपासून डावी भिंत, उजवी भिंत, छत आणि जमीन किती लांब, ते. एक जण वाचन सांगतो, दुसरा लिहितो, तिसरा आलेखाच्या कागदावर जागेवरच आराखडा काढतो. आपल्याकडचा काळा दगड इथे त्रास देतो. त्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहचुंबकी खनिज असतं, त्याने होकायंत्राची सुई ढळते. म्हणून पहिल्या बिंदूवरून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्यावरून पहिल्याकडे, अशी दोन्ही वाचनं घ्यायची. दोन्हींत १८० अंशांचा फरक आला नाही तर पुन्हा मोजायचं. मोजणी किती बिनचूक आहे हे सांगणारी ब्रिटिश केव्ह रिसर्च असोसिएशनची प्रतवारी जगभरचे गुहा-अभ्यासक वापरतात. तिच्यातल्या पाचव्या प्रतीसाठी अंतर सेंटिमीटरपर्यंत नोंदवावं लागतं, बिंदूची जागा दहा सेंटिमीटरच्या आणि कोन एका अंशाच्या आत बिनचूक असावा लागतो. हल्ली अंतर, दिशा आणि कोन एका दमात टिपून मोबाइलवर पाठवणारी लेझर यंत्रं मिळतात, पण आपल्याकडच्या बहुतेक लहान गुहांना साधी टेप आणि कंपास पुरतो.

याचा उपयोग काय? समजा, तिसऱ्या बिंदूवर छतापासून जमीन दोन मीटर दहा होती आणि पुढच्या हिवाळ्यात तिथेच दोन मीटर साठ भरली. मधल्या काळात अर्धा मीटर माती कोणीतरी काढली, हे आता कोणालाही नाकारता येणार नाही. तारीख आहे, आकडा आहे, फोटो आहे. पंचनाम्याला लागतं ते एवढंच.

पत्ता उघडा पडण्याची तुमची काळजी मला पूर्ण मान्य आहे, आणि तिच्यावर उपायही आहे. नोंदवहीचे दोन भाग करायचे. उघड्या भागात तालुका, गुहा कोणत्या प्रकारची, तिची अवस्था कशी, धोका कोणता, एवढंच. नेमकं ठिकाण, जायची वाट, आतला नकाशा आणि वटवाघळांच्या वसाहती राखीव भागात. तो गावाकडे आणि संबंधित खात्याकडे. अमेरिकेत १९८८ साली सरकारी जमिनीवरच्या गुहांसाठी कायदा झाला. त्यात महत्त्वाच्या गुहांची ठिकाणं माहितीच्या कायद्याखालीसुद्धा उघड करायची नाहीत अशी तरतूद आहे. म्हणजे सगळी नोंद ठेवायची आणि ठिकाण मात्र गुप्त राखायचं, हे दोन्ही एकाच वेळी साधतं. फोटो टाकताना त्यातलं जीपीएस काढून टाकणं हा त्याचाच छोटा भाग. माझ्या लेखांत मी कधी वाट सांगत नाही, ती याच कारणाने.

पण भाऊ, मला रात्रीच्या कुदळीपेक्षा दिवसाढवळ्या येणाऱ्या पोकलेनची भीती जास्त वाटते. गिट्टीची खदान, चुनखडीचा पट्टा, रस्त्याचं रुंदीकरण ही कामं कागदावर मंजूर होतात. २००६ च्या पर्यावरणीय मंजुरीच्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी घ्यावी लागते. तिथे ‘आमच्या टेकडीत गुहा आहे’ असं म्हातारं माणूस उठून सांगतं आणि अहवालात मात्र ‘परिसरात उल्लेखनीय काही नाही’ असं छापलेलं असतं. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कुळासारखी त्या गुहेची गत होते. पिढ्यान्‌पिढ्या राबली तरी हक्क सांगायला कागद नाही. कोरीव लेणं केंद्राचं संरक्षित स्मारक म्हणून घोषित झालं असेल, तर २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याच्याभोवतीचे शंभर मीटर प्रतिबंधित आणि पुढचे दोनशे मीटर नियंत्रित असतात. घोषितच नसेल तर यातलं काहीच लागू होत नाही. आणि नैसर्गिक गुहांसाठी आपल्या देशात वेगळा केंद्रीय कायदा नाही.

कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्याचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथल्या हनुमनहळ्ळी गावाजवळच्या एका गुहेत पर्णनासिक, म्हणजे नाकावर पानासारखी घडी असलेल्या, वटवाघळांची एक जात राहते. जगात तिचं दुसरं ठिकाण माहीत नाही, आणि उरलेले जीव मोजकेच. शेजारी ग्रॅनाइटची खोदाई चालायची. अभ्यासकांनी आसपासच्या गुहा धुंडाळल्या, कुठे काय राहतं याची नोंद केली, मोजदाद केली. ‘ही जात फक्त इथेच आहे’ हे एक वाक्य त्या नोंदींमुळेच ठामपणे म्हणता आलं. खोदाई थांबवण्यात आणि भोवतालच्या जागेला संरक्षण मिळवण्यात त्या वाक्याचा मोठा वाटा आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तो नुसता एक खडकाळ उंचवटा दिसला असता.

तुम्ही वाडवडिलांचं लिहिलंत. त्यात वाद नाही. गोंदियाच्या सालेकसा तालुक्यातलं कचारगडचं गुहास्थान गोंडी समाजाच्या श्रद्धेनेच जपलं गेलं आहे; माघ पौर्णिमेला कुठून कुठून लोक येतात. मोर्शीजवळच्या सालबर्डीच्या गुहेला महाशिवरात्रीची यात्रा आहे. नोंदवही या श्रद्धेच्या जागी आणावी असं मी म्हणत नाही, ती गावाच्याच हातात असावी असं म्हणतो. त्याची सोय कायद्यात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. गुहा, तिच्यातली वटवाघळं, झरा, देवाची जागा, म्हाताऱ्यांना आठवणारी हकिकत, हे सगळं तिच्यात बसतं. राज्याच्या जैवविविधता मंडळाचं मुख्यालयही इथे नागपूरलाच आहे.

नागपूरचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट मला नेहमी सलते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ इथे, त्यांची प्रागैतिहासिक शाखा इथे, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं मुख्यालय सेमिनरी हिल्सवर, उपग्रहाच्या चित्रांवर काम करणारं राज्याचं दूरसंवेदन केंद्र व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात. कोरीवकामाकडे एक खातं पाहतं, दगडाकडे दुसरं, वटवाघळांकडे तिसरं, आणि जमीन बहुतेक वेळा वनखात्याची. एकच गुहा चौघांच्या वहीत थोडी थोडी असते, किंवा कोणाच्याच नसते. १८९७ मध्ये हेन्री कझिन्स यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या प्राचीन अवशेषांची यादी छापली. तिच्या पुढे जाऊन नैसर्गिक आणि कोरीव अशा दोन्ही गुहांना एकत्र घेणारी, अवस्था आणि धोका लिहिणारी यादी या शहरात बसूनच करता येईल. सामान्य माणसांनाही हे काम जमतं. मोर्शीच्या वर, मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यातल्या सातपुड्यातले चित्रं असलेले शैलाश्रय, म्हणजे खडकाच्या आडोशाच्या जागा, २००७ मध्ये अमरावतीच्या निसर्गप्रेमींनी उजेडात आणले. पुढे पुरातत्त्व खात्यानेही तिथे सर्वेक्षण केलं.

आता दार आणि चौकीदार. प्रत्येक गुहेला चौकीदार मिळणार नाही, मग कोणत्या गुहेला द्यायचा? हे ठरवायला आधी सगळ्या गुहा एका कागदावर हव्यात. दाराचंही तसंच. घाईत लोखंडी पत्रा ठोकला तर वटवाघळांची वाट बंद होते, हवा अडते, आतला ओलावा बदलतो आणि वसाहत मरते किंवा सोडून जाते. वटवाघळांना जाऊ देणाऱ्या दाराला आडव्या सळ्या असतात. अमेरिकेत दोन सळ्यांमध्ये साधारण पंधरा सेंटिमीटर अंतर ठेवतात. आपल्याकडच्या जातींना किती लागेल ते कोणती जात राहते यावर ठरेल, आणि तेही नोंदीशिवाय कळत नाही.

मात्र गुहांना गुण देऊन प्रतवारी लावू नये, असं माझं ठाम मत आहे. ब्राझीलने २००८ मध्ये गुहांचे महत्त्वानुसार चार वर्ग केले. सर्वांत वरच्या वर्गाला पूर्ण संरक्षण मिळालं, खालच्या वर्गांतल्या गुहा परवाना आणि भरपाईच्या बदल्यात नष्ट करायची वाट उघडली. आज सामान्य वाटणारी गुहा उद्या काय सांगेल याचा भरवसा नसतो. बस्तरच्या दंडक गुहेतल्या लवणस्तंभाच्या, म्हणजे ठिबकत्या पाण्यातल्या चुन्याने वाढत गेलेल्या दगडी खांबाच्या, थरांवरून इ. स. ६०० ते १५०० पर्यंतच्या मोसमी पावसाचा आलेख काढता आला. चौदाव्या-पंधराव्या शतकातली लांबलेली अवर्षणं त्यात दिसतात. आपल्याकडे ज्याला दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणतात तो याच काळातला. एखाद्या पर्यटकाने आठवण म्हणून तो दगड तोडून नेला असता, तर ही नऊशे वर्षं त्याच्या दिवाणखान्यात धूळ खात पडली असती.

वटवाघळं उठवण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यावर माझा नियम कडक आहे. पिल्लांच्या काळात आत पाऊल टाकायचं नाही. पिल्लू आईच्या पोटाला चिकटलेलं असतं, आई दचकून उडाली तर ते खाली पडतं आणि बहुधा वाचत नाही. मोजदाद संध्याकाळी बाहेर बसून, ती बाहेर पडताना करायची. आत गेलंच पाहिजे तर थोडी माणसं, मंद लाल उजेड, कमी बोलणं, आणि तोंडाला मास्क, कारण वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतली बुरशी फुप्फुसाला बाधते. हे न पाळणारे मोजणीवाले असतात. अशांना गावाने टेकडीवर चढूच देऊ नये.

तुमच्या टेकडीतली गुहा कुठे आहे ते मला सांगू नका. गावातली दोन-तीन मुलं निवडा. पाऊस संपला की गुहेच्या तोंडाची रुंदी आणि उंची मोजून, समोरच्या एकाच दगडावर उभं राहून फोटो काढून, तारखेसह पंचायतीच्या वहीत लिहायला लावा. पुढच्या वर्षी त्याच दगडावरून पुन्हा. आतली मोजणी करावी असं गावाला वाटलं तर कंपास, टेप आणि लेझर घेऊन मी येतो, शिकवतो. नकाशाची मूळ प्रत गावात राहील, मी प्रत मागणार नाही. तुमच्याकडे धानाची कापणी-मळणी आटोपली की कळवा, सकाळच्या एसटीने निघतो.