अर्धा तास ताठ

जुलैत गुडघाभर पाण्यातून स्टेशन गाठलं, तेही टाचांना भेगा असताना. आठवड्याभराने ताप चढला, पोटऱ्या ठणकायला लागल्या. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि लेप्टोचा संशय म्हणून डॉक्सिसायक्लिन लिहून दिली. 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, 7 दिवस. हा ताप उंदराच्या मुतातून येतो म्हटल्यावर आईने माझी चादरच वेगळी काढली.

"जेवून, ग्लासभर पाण्याबरोबर घ्या. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही." मी मान डोलावली. त्यात मी शाळेपासून पटाईत.

पहिल्याच रात्री घोटभर पाण्याने कॅप्सूल ढकलली आणि पांघरुणात शिरलो. मध्यरात्री छातीच्या मधोमध निखारा! साधा आवंढा गिळतानाही डोळ्यांत पाणी. गेलोच म्हणून बायकोला उठवून विम्याचे कागद कुठे आहेत ते सांगितलं. तिला ते आधीपासून माहीत होतं, हे जास्त लागलं.

सकाळी ईसीजी निर्दोष निघाला. "पडून घेतलीत ना?" डॉक्टर म्हणाले. कॅप्सूल अन्ननलिकेला चिकटून तिथेच विरघळली होती, आतली कातडी पोळून. जळजळीवर अँटासिड घ्यावं, तर त्यालाही दोन-तीन तासांचं अंतर हवं. दुधालाही तेच. त्यातलं कॅल्शियम औषधाला पोटातच धरून ठेवतं.

हे आईला कोण सांगणार? "या गोळ्या उष्ण पडतात, दुधाबरोबरच घे. दुधाने कुणाचं वाईट झालंय?" शेवटी चार वाजताच्या दुधावर तह झाला.

उन्हात फिरू नका, कातडी भाजेल, हीसुद्धा ताकीद होती. अकरा दिवस सूर्य दिसला नव्हता, म्हणून हसलो. चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि आईने गाद्या घेऊन मला गच्चीवर पिटाळलं. नाक अजून सोलतंय.

तोवर ताप उतरला होता. खालचे काका आले. "बरं वाटतंय ना? मग बंद कर. उरलेल्या मला दे, घसा धरलाय." मी पाकिटावरची लाल रेघ दाखवली, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, ही तिची खूण. "ते डिझाइन असतं रे," काका म्हणाले.

रात्रीचा तो अर्धा तास मात्र मी इमानाने ताठ बसलो. मास्तरांच्या छडीला जे जमलं नाही ते कॅप्सूलने केलं. नुसताच बसलोय म्हणून बायकोने पुढ्यात लसूण ठेवला. सात दिवसांत वाटीभर सोलून झाला.

काल आठवी रात्र. कॅप्सूल संपली. लसूण आला.