न्यूट्रलमध्ये डिझेल वाचत नाही, ब्रेक मात्र जातात

भाचा सध्या जड वाहन चालवायला शिकतोय. गेल्या आठवड्यात त्याने मला एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, हे खरं आहे ना? आमच्या बॅचमधल्या सगळ्यांकडे आलंय.’ मेसेजचं शीर्षक ‘टॉर्क समजला तो डिझेल वाचवणार’. आत पाच मुद्दे. एक, टॉर्क (इंजिनाच्या पिळाचा जोर) कमी आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांना) जास्त मिळतो, म्हणून चढावरही वरच्याच गिअरला गाडी ओढा. दोन, उतार लागला की न्यूट्रल करा, तेवढं डिझेल फुकट वाचतं. तीन, इंजिनावर गाडी रोखली तर इंजिन खराब होतं. ब्रेक वापरा, लायनर (ब्रेकच्या घासपट्ट्या) स्वस्त असतात. चार, गिअर एकेकच टाका, मधला सोडला की गिअरबॉक्स गेला. पाच, चढावर थांबायची वेळ आली तर हाफ क्लचवर गाडी धरा.

मी फोनवर ‘यातलं काही करू नकोस’ एवढंच म्हणालो. तेवढं पुरलं नाही. रविवारी त्याच्या शेजारी बसलो होतो, गाडी भरलेली. चढ संपला, रस्ता खाली वळला आणि त्याने दांडा न्यूट्रलला आणला. आरपीएमचा काटा सहाशेवर पडला, केबिन एकदम शांत झालं. वेग चाळीसचा पन्नास, पन्नासचा साठ. त्याचा पाय ब्रेकवर, मग वर, परत ब्रेकवर, आणि दर खेपेला ब्रेकच्या हवेच्या दाबाचा काटा थोडा खाली. दुसऱ्या वळणाच्या आत जळक्या लायनरचा वास आत आला. ‘गिअर टाक’ म्हणालो. त्याने क्लच दाबून दांडा ढकलला, खालून खरखर झाली आणि दांडा परत हातात आला. पुढे रस्ता थोडा सपाट झाला म्हणून वेग तिशीवर आणता आला, तेव्हा कुठे गिअर पडला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणून हे सविस्तर लिहितोय आणि आधी दुसरा मुद्दाच घेतोय, कारण बाकीच्यांनी खर्च वाढतो, याने माणसं मरतात.

‘न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतं’ ही समजूत मुळातच उलटी आहे. गाडी गिअरमध्ये असताना उतारावर रेसवरून पाय काढला की चाकं इंजिनाला फिरवतात. इंजिन आयडलच्या (रेस न दाबता नुसतं चालू असतानाच्या आरपीएमच्या) वर फिरतंय आणि रेस दाबलेली नाही हे कळलं की नव्या इंजिनाचा संगणक सिलिंडरमध्ये डिझेल सोडणं पूर्ण थांबवतो. जुन्या यांत्रिक पंपाचा गव्हर्नरसुद्धा (आरपीएम पाहून डिझेल कमी-जास्त करणारा भाग) हेच करतो. म्हणजे त्या वेळी खप शून्य. न्यूट्रल केलं की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो, मग बंद पडू नये म्हणून इंजिनाला डिझेल लागतंच. मोठं डिझेल इंजिन नुसतं आयडलवर तासाला साधारण 2 ते 3 लिटर पितं. दहा मिनिटांच्या उतारावर न्यूट्रलमध्ये तिसरा हिस्सा ते अर्धा लिटर जळतं, गिअरमध्ये काहीच नाही. ज्या बचतीसाठी जीव पणाला लावायचा, ती बचतच नाही.

आता ब्रेकचं गणित करू. 40 टनांची गाडी 6 टक्के उतारावर (100 मीटरला 6 मीटर खाली) ताशी 60 किलोमीटरने जात असेल, तर टायरचं घर्षण आणि वाऱ्याचा अडथळा वजा केल्यावरही वेग आहे तेवढाच ठेवायला सव्वातीनशे किलोवॅटच्या वर ऊर्जा सतत जिरवावी लागते. पाणी तापवायचे 2 किलोवॅटचे दीडशेहून जास्त हीटर एकदम चालू केल्यावर जेवढी उष्णता निघेल, तेवढी तुमच्या ड्रममध्ये दर सेकंदाला भरली जातेय. ड्रम (चाकाबरोबर फिरणारा, ज्यावर लायनर घासतात तो भाग) तापला की प्रसरण पावतो, लायनरपासून दूर जातो, त्यामुळे हवेच्या दाबाने लायनर ढकलणाऱ्या ब्रेक चेंबरच्या दांड्याला जास्त लांब यावं लागतं. लायनरची पकडही उष्णतेने उतरते. मग चालक आणखी दाबतो, ड्रम आणखी तापतात आणि एका क्षणी पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. अपघातानंतर ‘ब्रेक फेल झाले’ म्हणतात. कित्येकदा ब्रेकमध्ये काहीही तुटलेलं नसतं, चालकाने ते माथ्यापासून जाळत आणलेले असतात.

त्यात हवा. ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो. आयडलवर तो सर्वांत हळू भरतो आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही सर्वांत जास्त हवा वापरताय. न्यूट्रलमध्ये इंजिन बंद पडलं तर कॉम्प्रेसरही गेला आणि पॉवर स्टिअरिंगही गेलं.

भाच्याला गिअर का पडला नाही? वेग साठीला गेल्यावर खालच्या गिअरला इंजिन ज्या आरपीएमवर आणावं लागतं, तो इंजिनाच्या मर्यादेबाहेर असतो. कितीही जोर लावा, दात जुळणार नाहीत. अमेरिकेत जड वाहनाचा परवाना काढणाऱ्याला जे अधिकृत चालक-पुस्तक अभ्यासावं लागतं, त्यात हे स्वच्छ लिहिलंय: उतार सुरू व्हायच्या आधी योग्य गिअरमध्ये या, वेग वाढल्यावर खालचा गिअर टाकायला जाऊ नका, कारण कदाचित कुठलाच गिअर पडणार नाही आणि इंजिनाचा रोध पूर्ण हातचा जाईल. त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्या जुन्या चालकांनीही वाचावी. ‘ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा’ हा नियम जुन्या गाड्यांचा. नव्या गाड्यांचं घर्षण कमी, वाऱ्याचा अडथळा कमी, इंजिन जास्त ताकदीचं. म्हणून नव्या गाडीला उतरताना चढाच्या गिअरपेक्षाही खालचा गिअर लागू शकतो.

या मुद्द्यात एक अर्धसत्य आहे आणि ते मान्य करायला मला आवडत नाही, पण करतो. व्होल्वोच्या आय-शिफ्ट या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये आय-रोल आणि स्कॅनियाच्या गाड्यांमध्ये इको-रोल अशी सोय असते, ज्यात गिअरबॉक्स स्वतःच काही वेळ मोकळा होतो. त्याने डिझेल वाचतंही, कारण जवळजवळ सपाट उतारावर गिअरमधलं इंजिन गाडीचा वेग खाऊन टाकतं आणि तो वेग परत मिळवायला डिझेल लागतं. पण ते संगणक ठरवतो, अगदी हलक्या उतारावर ठरवतो आणि वेग वाढला किंवा ब्रेकला पाय लागला की क्षणात गिअर परत जोडतो. घाटात हाताने न्यूट्रल मारणाऱ्याने या सोयीचा दाखला देऊ नये.

तिसरा मुद्दा दुसऱ्याचाच भाऊ आहे. इंजिनावर गाडी रोखताना सिलिंडरमध्ये डिझेल जळतच नाही, त्यामुळे पूर्ण लोडवर चढताना पिस्टनवर जेवढा दाब येतो त्याच्या जवळपासही तो जात नाही. डिझेलला नुसत्या पाय काढण्याने फार रोध मिळत नाही हे खरं, कारण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी पिस्टनला परत खाली ढकलते. हे कमिन्स इंजिन कंपनीचे संस्थापक क्लेसी कमिन्स यांनी 1931 मध्ये जिवावर बेतून शिकलं. डिझेल ट्रक घेऊन अमेरिका पार करताना कॅलिफोर्नियाच्या काहोन खिंडीत त्यांचे ब्रेक गेले. पायथ्याशी रेल्वेमार्गावरून मालगाडी जात होती. तिचा शेवटचा डबा पुढे सरकला आणि ट्रक थोडक्यात वाचला. त्यातून पुढे त्यांनी उपाय शोधला: हवा पूर्ण दाबली जाताच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारी झडप) उघडायचा, म्हणजे स्प्रिंग सुटून जाते आणि इंजिन गाडीला धरून ठेवतं. जेकब्स कंपनीने 1961 पासून तो ब्रेक बाजारात आणला. ज्या माणसाच्या नावाची इंजिनं जगभर चालतात, त्यानेच इंजिनावर गाडी रोखायचं साधन घडवलं, आणि मेसेज म्हणतो इंजिन खराब होतं!

इंजिन खराब होतं ते एकाच प्रकारे. गिअर चुकीचा निवडून आरपीएम लाल पट्ट्यात जाऊ दिला तर. चाकं इंजिनाला फिरवत असताना गव्हर्नर काही करू शकत नाही. म्हणून वेग आधी कमी, गिअर मग. आणि उतारभर ब्रेकवर पाय टेकवून ठेवायचा नाही. ठरवलेला वेग गाठला की ब्रेक ठाम दाबायचा, वेग ताशी सात-आठ किलोमीटरने खाली आणायचा, पूर्ण सोडायचा, वेग परत तिथे आला की पुन्हा. ठरवलेला वेग साठऐवजी तीस ठेवलात तर वरचे सव्वातीनशे किलोवॅट पावणेदोनशेवर येतात. त्यातला मोठा वाटा इंजिन उचलतं, ब्रेकला थोडंच उरतं.

पहिला मुद्दा, ज्यावरून मेसेजचं नाव पडलं. टॉर्क म्हणजे पिळाचा जोर, आणि जड डिझेलला तो साधारण 1000 ते 1400 आरपीएममध्ये सर्वाधिक मिळतो, इथवर बरोबर. पण चाकाला मिळतो तो गिअरने गुणलेला टॉर्क. समजा 1100 आरपीएमला इंजिन 2000 न्यूटन-मीटर देतंय, गिअर 1 पटीचा, मागचा एक्सल 4 पटीचा. चाकाला 8000. आता त्याच वेगाला दीड पटीचा, म्हणजे खालचा गिअर टाका. इंजिन 1650 वर गेलं, टॉर्क 1700 वर उतरला असं धरू. चाकाला 10,200. इंजिनाचा टॉर्क कमी झाला आणि ओढ वाढली. चढावर वेग किती टिकणार हे शक्ती ठरवते, आणि शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम.

वरच्याच गिअरला धरून बसलात आणि काटा हजाराच्या खूप खाली गेला, की टॉर्कही घटायला लागतो. वेग पडतो म्हणून टॉर्क पडतो, टॉर्क पडतो म्हणून वेग पडतो. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) पुरेशी हवा देत नाही, धूर काळा येतो, केबिनच्या फरशीतून दणके जाणवतात. ते दणके क्लच, गिअरबॉक्स आणि प्रॉपेलर शाफ्टचे सांधे खातात. एवढं करून शेवटी दोन गिअर खाली यावंच लागतं, तेही चढाच्या मध्यावर. सपाट रस्त्यावर एकसारखं चालताना मात्र कमी आरपीएमलाच डिझेल वाचतं, मेसेजच्या पहिल्या मुद्द्यात कामाचं असेल तर एवढंच. चढ समोर दिसला की ते विसरायचं.

चौथा: आरपीएम आणि वेग जुळत असतील तर मधला गिअर सोडायला हरकत नाही. ऑटोमेटेड गिअरबॉक्स स्वतः दोन-दोन गिअर सोडतात. पाचवा: हाफ क्लचवर भरलेली गाडी धरणं म्हणजे क्लच प्लेट उभ्या जागी घासत ठेवणं. हँडब्रेक लावा, निघताना क्लच पकडला की सोडा. यावर जास्त लिहायची गरज नाही.

भाच्याने हे सगळं बॅचच्या ग्रुपवर टाकलं. एका मुलाने लगेच विचारलं की आपल्या गाडीला एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाचा रोध वाढवणारी सोय) आहे का ते कसं ओळखायचं. स्टिअरिंगखालच्या दांडीवर, डॅशवर किंवा काही गाड्यांत पायाशी त्याचं बटण असतं. हलक्या, मोकळ्या उतारावर गिअरमध्ये राहून रेस सोडा आणि ते चालू करा. इंजिनाचा आवाज जड होईल आणि कोणीतरी मागून धरल्यासारखी गाडी आवळली जाईल. रस्ता ओला आणि गाडी रिकामी असेल तर मात्र ते बंद ठेवा, मागची चाकं घसरतात.